कॅनडात वकिली करायची आहे? आधी मूल्यमापन, मग एलएलएम

भारतात एलएलबी केलेल्या, सनद घेतलेल्या वकिलाला सगळ्यात महागात पडणारा सल्ला म्हणजे ‘कॅनडात एलएलएम (कायद्याची पदव्युत्तर पदवी) कर, की प्रॅक्टिस सुरू’. नुसत्या एलएलएमवर तिथे कुणी वकील होत नाही. तुमच्या भारतीय पदवीला काय कमी पडतं हे नॅशनल कमिटी ऑन अॅक्रेडिटेशन, म्हणजे एनसीए, ठरवते. तिचं लेखी उत्तर हातात येईपर्यंत कुठल्याही विद्यापीठाला फी भरू नका. (क्यूबेकचा रस्ता वेगळा आहे. इथलं सगळं बाकीच्या प्रांतांसाठी.)

अर्ज ऑनलाइन होतो. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या गुणांची अधिकृत नोंद, मात्र विद्यापीठाकडून थेट एनसीएकडे जावी लागते, घरी स्कॅन केलेल्या मार्कशीट चालत नाहीत. हे काम विमानात बसण्याआधी उरका. परदेशातून फोन करून विद्यापीठातली फाईल पुढे सरकवणं फार जड जातं.

उत्तरात पाच विषय जवळजवळ ठरलेले असतात: कॅनडाचा राज्यघटना कायदा, प्रशासकीय कायदा, फौजदारी कायदा, कॅनेडियन कायद्याची मूलतत्त्वं आणि व्यावसायिक आचारसंहिता. २०२२ पासून कायदेविषयक संशोधन आणि लेखनाची अटही आहे. मूळ पदवीत गुण कमी असतील तर करार, टॉर्ट (दिवाणी अपकृत्यांचा कायदा), मालमत्ता असे विषय वाढू शकतात. पदवी दूरशिक्षणाने घेतली असेल तर वर्गात बसून शिकण्याची अट येऊ शकते.

प्रत्येक विषय एनसीएची परीक्षा देऊन सुटतो किंवा कॅनडातल्या लॉ स्कूलमध्ये तो विषय उत्तीर्ण होऊन. एलएलएमचा उपयोग इथे, आणि तेही योग्य एलएलएमचा. टोरांटोच्या ऑस्गुड हॉल लॉ स्कूलमधलं कॅनेडियन कॉमन लॉचं (इंग्रजी परंपरेतल्या, निकालांतून घडलेल्या कायद्याचं) प्रोफेशनल एलएलएम किंवा व्हँकुव्हरच्या यूबीसीचं कॉमन लॉ एलएलएम याच गरजेसाठी आहे. प्रबंध लिहून मिळणाऱ्या एलएलएमने यातला एकही विषय सुटत नाही, आणि नेमकी हीच चूक सर्रास होते. फक्त पाच विषय आले असतील आणि स्वतः अभ्यास करायची सवय असेल, तर सरळ परीक्षा द्या. यादी लांब असेल किंवा वर्गाची अट असेल तरच एलएलएम घ्या, तेही एनसीएची यादी आणि अभ्यासक्रम शेजारी ठेवून, एकेक विषय जुळवून.

आता खरी अडचण. परीक्षा तीन तासांची, पुस्तकं उघडी ठेवून, उत्तीर्ण व्हायला ५० टक्के गुण. हे वाचून आपले वकील निर्धास्त होतात आणि नापास होतात. आपल्याकडे ‘टीप लिहा’, ‘चर्चा करा’ असल्या प्रश्नांवर हात बसलेला असतो. तिथे येते ती हकीकत, आणि गुण मिळतात ते कायदा त्या हकीकतीला लावल्याबद्दल.

समजा, एका बाईंचा खाद्यगाडीचा परवाना नगरपालिकेने नोटीस न देता रद्द केला. नैसर्गिक न्यायाची तत्त्वं आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा मनेका गांधी खटला लिहून पान भरलंत, तर हाती काही लागणार नाही. निर्णयाआधी किती न्याय्य प्रक्रिया द्यायला हवी हे ठरवणारे, कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या बेकर (१९९९) खटल्यातले पाच घटक घ्या आणि प्रत्येकाला हकीकतीतली एक गोष्ट बांधा. परवान्यावर त्यांचं घर चालतं, म्हणून निर्णयाचं महत्त्व मोठं. कायद्यात अपिलाची सोय नाही, म्हणून संरक्षण जास्त हवं. आजवर कारवाईआधी नोटीस येत होती, म्हणून रास्त अपेक्षा. उरलेले दोन घटक, निर्णयाचं स्वरूप आणि संस्थेने निवडलेली पद्धत, कदाचित नगरपालिकेच्या बाजूने झुकतील, तेही लिहा. मग ठाम निष्कर्ष द्या.

दुसरा सापळा ‘वेडन्सबरी’चा, म्हणजे निर्णय अगदीच अवाजवी आहे का हे पाहणाऱ्या इंग्रजी कसोटीचा. आपल्या सवयीने तो शब्द लेखणीतून उतरतो. कॅनडात निर्णयाचा गाभा तपासताना तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा वाव्हिलोव्ह (२०१९) खटला पाहतात. पण सुनावणीच मिळाली नाही अशी तक्रार असेल तर तिला वाव्हिलोव्हची वाजवीपणाची कसोटी लावू नका. ती तक्रार बेकरच्या घटकांवर जोखायची. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की अख्खं उत्तर कोसळतं.

म्हणून बाजारातून उचललेल्या दोनशे पानी नोट्स बाजूला ठेवा. तीन तासांत त्यात काही सापडत नाही. दर विषयाला पंधरा पानांच्या आत उत्तराचे सांगाडे स्वतः बनवा: कोणती हकीकत दिसली की कोणता प्रश्न, कोणती कसोटी, कोणता खटला. मूळ निकाल कॅनली (CanLII) या कॅनेडियन निकालांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. मग जुन्या धर्तीच्या प्रश्नांची उत्तरं घड्याळ लावून लिहा, विषयामागे निदान सहा.

सगळे विषय सुटले की एनसीएचं पात्रता प्रमाणपत्र मिळतं. पुढे प्रांताच्या लॉ सोसायटीची, म्हणजे वकिलांना परवाना देणाऱ्या संस्थेची, प्रक्रिया. ओंटारिओत बॅरिस्टर आणि सॉलिसिटर अशा दोन परीक्षा, शिवाय आर्टिकलिंग (वकिलाच्या हाताखालची उमेदवारी) किंवा त्याऐवजी लॉ प्रॅक्टिस प्रोग्रॅम हा प्रशिक्षणक्रम. नागरिकत्वाची काळजी करू नका: वकिलासाठीची ती अट कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच अँड्रूज खटल्यात रद्द ठरवली. आर्टिकलिंगची जागा शोधायला मात्र शेवटच्या निकालाची वाट पाहू नका, तिसरा विषय सुटला की अर्ज पाठवायला लागा.