पोलिसाविरुद्ध तक्रार द्यायला निघण्याआधी

आधार कार्डाची झेरॉक्स आणि पेन हे सांगायला नको. घटना घडली त्याच रात्री बसून सगळं लिहून काढा: तारीख, वेळ, जागा, कोण काय बोललं ते जसंच्या तसं, शिवीसकट. दोन दिवस गेले की आठवणीत भर पडायला लागते, आणि जबाबाच्या वेळी नेमकी तीच भर अंगावर येते. न घडलेलं एक वाक्यही घालू नका. खोटी माहिती दिली म्हणून उलट तुमच्यावरच कारवाई होऊ शकते.

पोलिसाचं नाव माहीत नसेल तर बक्कल नंबर, म्हणजे त्याचा खात्यातला क्रमांक, लिहा. तोही नसेल तर गाडीचा नंबर, हुद्दा आणि ड्युटीची वेळ. यावरून माणूस शोधता येतो. अटक करणाऱ्या पोलिसाचं नाव स्पष्ट दिसलंच पाहिजे, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम ३६ सांगतं. तेव्हा अटकेच्या वेळी नेमप्लेट नव्हती तर तेही तक्रारीत लिहा.

मारहाण झाली असेल तर तक्रारीच्याही आधी सरकारी दवाखाना गाठा आणि एमएलसी, म्हणजे जखमांची पोलीस केस म्हणून डॉक्टरी नोंद, करून घ्या. वळ चार दिवसांत जातात. व्हिडिओ असेल तर ज्या फोनवर काढला तो फोन जपा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेली प्रत मूळ फाइलची जागा घेत नाही.

आता पोच, म्हणजे तक्रार मिळाल्याची लेखी खूण. तक्रारीच्या दोन प्रती न्या, एक त्यांना, एक तुमची. तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही, या चारही गोष्टी असल्याशिवाय तिथून हलू नका. ‘साहेब राउंडला गेलेत, ठेवून जा, देतो नंतर’ असं अगदी गोड बोलून सांगतात. मी तसाच ठेवून आलो होतो, आणि पुढे तो अर्ज त्या कार्यालयात कधी आलाच नव्हता. पोच देत नसतील तर वाद घालू नका, बाहेर पडा आणि तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. पावती ठेवा, अर्ज पोहोचल्याची ऑनलाइन नोंद छापून तिला जोडा. ही झाली तुमची पोच.

सीसीटीव्हीचा अर्ज वेगळा करा, त्याच दिवशी. प्रत्येक ठाण्यात कॅमेरे हवेत आणि चित्रण शक्यतो १८ महिने, निदान वर्षभर राहिलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात सांगितलं. अर्जात तारीख, वेळ आणि ठाण्यातली जागा लिहून ‘हे चित्रण जतन करावं’ असं स्पष्ट मागा. आणि या अर्जाचीही पोच! चित्रण पुसलं गेलं तर तुम्ही वेळेत मागितलं होतं हे दाखवायला दुसरं काहीच नसतं. घटना रस्त्यावरची असेल तर समोरच्या दुकानदाराकडे आजच जा, त्याच्या मशीनवर जुनं थोड्याच दिवसांत पुसलं जातं.

तक्रार फक्त त्याच ठाण्यात देऊन थांबू नका. शहरात पोलीस आयुक्त किंवा उपायुक्त, ग्रामीण भागात पोलीस अधीक्षक. गुन्हा नोंदवायलाच नकार दिला असेल तर त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे अधीक्षकांना टपालाने कळवा, त्यानंतर दंडाधिकारी. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बेकायदा अटक, खंडणी, जमीन किंवा घर बळकावणं अशा प्रकारांसाठी राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या प्रकाश सिंह निकालानंतर, २०१४ च्या कायदादुरुस्तीने ते आलं. तिथे प्रतिज्ञापत्राची तयारी ठेवून जा. मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एका वर्षाच्या आत. खटला भरायचा विचार असेल तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ मधली सहा महिन्यांची मुदत वकिलाला पहिल्या भेटीतच विचारा, कारण प्राधिकरणाची वाट पाहण्यात ती निघून जाते.

लाच मागितली असेल तर पैसे देण्याआधी १०६४ ला, म्हणजे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला, फोन करा. जबरदस्तीने द्यावेच लागले असतील तर सात दिवसांत कळवा, नाहीतर देणाराही गुन्ह्यात येतो.

पुढचं थोडक्यात. महिन्याभरात हालचाल नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, ‘अमुक आवक क्रमांकाच्या तक्रारीवर काय कारवाई झाली’. आवक क्रमांक नसेल तर हा प्रश्न नीट विचारताच येत नाही, म्हणून पोच, पोच आणि पोच. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. जबाबाला बोलावलं तर लेखी नोटीस मागा, सोबत कुणालातरी न्या, वाचल्याशिवाय सही करू नका. ‘माझी तक्रार नाही’ असा कागद पुढे केला तर अजिबात नाही, ओळखीचा कुणी मध्ये पडला तरी.