नागपूरहून विमानाने परदेशी: तिकीट परतीच्या टोकाकडून काढा

नागपूरकराला चार-पाच दिवसांसाठी बँकॉक, सिंगापूर नाहीतर दुबईला जाऊन यायचं असलं की सल्ल्यांचा पाऊस पडतो. मंगळवारी रात्री तिकीट काढा, ब्राउझरची हिस्टरी पुसून काढा, मानेची उशी घ्या, पंखाजवळची सीट धरा. यातलं काहीही केलं नाही तरी प्रवास होतो. फसतो तो मधल्या शहरात, आणि बहुतेक वेळा येताना. त्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही. म्हणून हा लेख जास्तीत जास्त त्याच टप्प्याचा आहे. पासपोर्टची मुदत, व्हिसा आणि परकीय चलन तुम्ही बघून घेतलंय असं धरून चालतो.

आधी मधलं शहर ठरवा

नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून दोहा, शारजा अशी मोजकी आखाती विमानं थेट सुटत आली आहेत. तुमचं काम तिकडचंच असेल तर आधी तेच वेळापत्रक बघा आणि या लेखातला निम्मा भाग सोडून द्या. बाकीच्यांना मुंबई, दिल्ली किंवा हैदराबाद गाठावंच लागतं. लोक इथे सगळ्यात स्वस्त तिकीट बघतात. माझं म्हणणं आहे की आधी ऋतू बघा. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं धुकं सकाळची विमानं तासन्‌तास जमिनीवर बसवतं. जुलैत तेच काम मुंबईचा पाऊस करतो.

मला विचाराल तर हैदराबाद. तिथल्या शमशाबाद विमानतळावर देशी आणि परदेशी विमानं एकाच टर्मिनलमधून सुटतात, त्यामुळे सामान घेऊन टॅक्सीत बसायची वेळ येत नाही. शिवाय विमान हुकलंच तर घरी यायला जमिनीवरचा रस्ताही आहे, तो पुढे सांगतो.

मुंबईच घ्यायची असेल तर तिकिटावरची तीन अक्षरं नीट वाचा. बीओएम म्हणजे आपली जुनी मुंबई आणि एनएमआय म्हणजे नवी मुंबई. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर 2025 पासून सुरू झालाय आणि तो पार पनवेलच्या बाजूला आहे. नागपूरहून एकीकडे उतरून परदेशी विमान दुसरीकडून पकडायचं म्हणजे मधे अख्खी मुंबई आडवी येते. जुन्या मुंबईतही टर्मिनल बघा. परदेशी विमानं सहारच्या टी-2 वरून सुटतात. नागपूरचं विमान टी-1 चं असेल तर तुम्ही सांताक्रूझच्या बाजूला उतरता आणि मधलं अंतर रस्त्याने जावं लागतं.

तिकीट: एकच पीएनआर

नागपूर ते बँकॉक आणि परत, सगळं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर काढा. दोन वेगळी तिकिटं काढून दोन-तीन हजार वाचतात, हे खरं. पण वेगळ्या तिकिटांवर पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं सुटलं, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. पैसे गेले, आणि नवं तिकीट त्या क्षणी जो भाव असेल त्या भावाने घ्या. एकाच पीएनआरवर हीच भानगड कंपनीची होते, पुढच्या विमानात बसवणं तिचं काम.

वजनाचंही तसंच. देशी इकॉनॉमीत मोठ्या बॅगेला बहुतेक ठिकाणी 15 किलो, परदेशीला त्याहून जास्त. एकत्र तिकिटावर परदेशीची मर्यादा सहसा पूर्ण प्रवासाला लागते. वेगळ्या तिकिटावर नागपूरच्या विमानात 15 म्हणजे 15.

आणखी एक. काही मंडळी एकत्र तिकीट काढतात, मग मुंबईला आधीच कामासाठी गेलेली असतात म्हणून नागपूर–मुंबईचा तुकडा सोडून देतात आणि थेट मुंबईहून चढायला जातात. असं करू नका. पहिला तुकडा सोडला की कंपनी पुढचे सगळे तुकडे रद्द करते, परतीसकट.

नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच. आपल्याकडे नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, तिकिटावरही ते तसंच उतरवा. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर दुबईच्या वाटेला लागण्याआधी तो दुरुस्त करून घ्या. एकाच नावाचा पासपोर्ट घेऊन आलेल्या पर्यटकाला अमिराती नोव्हेंबर 2022 पासून आत घेत नाहीत.

जाताना

जाणं सोपं आहे. नागपूरच्या काउंटरवर बॅगेला लावलेला टॅग वाचा. त्यावर बीकेके असेल तर बॅग थेट बँकॉकला जाईल, बीओएम असेल तर मुंबईत उचलावी लागेल. इमिग्रेशन मुंबईत किंवा हैदराबादला होतं. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत कधीच नाही.

थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड 1 मे 2025 पासून भरावंच लागतं, सिंगापूरचंही असंच कार्ड आहे. दोन्ही पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायची आणि दोन्ही फुकट आहेत. पैसे मागणारी साइट दिसली की ती बंद करा.

आणि मसाला. तिकडच्या नातेवाइकांना सावजी मसाला न्यायची आपल्याला भारी हौस. त्यात खसखस असते, आणि खसखस अमिराती आणि सिंगापूरमध्ये चालत नाही, तिथे ती अमली पदार्थांच्या यादीत आहे. सुकं खोबरंही सामानात नको, तेलामुळे ते पेट घेणाऱ्या वस्तूंत धरतात. संत्रा बर्फी न्या, सगळे खूश होतात.

येताना: इथे लक्ष द्या

मला स्वतःला हाच टप्पा सुरुवातीला जड गेला, कारण जाताना बॅग थेट गेली तशीच येतानाही येईल असं सगळे सांगतात. नेहमीचा नियम उलटा आहे. परदेशातून येणारा माणूस भारतात ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतरतो तिथे त्याने बॅग पट्ट्यावरून उचलायची, कस्टममधून बाहेर पडायचं आणि मग पुढच्या विमानासाठी ती पुन्हा जमा करायची. बँकॉकला लावलेल्या टॅगवर एनएजी, म्हणजे नागपूर, लिहिलेलं असलं तरीही. तो टॅग बघून निवांत झालेली आणि नागपूरला पट्टा थांबेपर्यंत उभी राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांची बॅग मुंबईच्या पट्ट्यावर गोल गोल फिरत असते.

आता या टप्प्याचा हिशोब मांडा. विमान उतरून दार उघडेपर्यंत वेळ. मग चालत इमिग्रेशन. पहाटे तीन-चार विमानं एकदम उतरली की रांग साप होऊन पसरते. मग बॅग. मग कस्टम. मग सामान पुन्हा जमा करण्याचा काउंटर, मग पुन्हा सिक्युरिटी. आणि देशी विमानाचा काउंटर सुटण्याच्या तासभर आधी बंद होतो, हा तास लोक मोजायचाच विसरतात. उतरण्याची वेळ आणि सुटण्याची वेळ यांच्यात अडीच तास दिसतात तेव्हा हातात खरे दीडच असतात.

म्हणून माझा नियम: एकाच पीएनआरवर किमान साडेतीन तास, वेगळ्या तिकिटांवर सहा तास, आणि टर्मिनल बदलायचं असेल तर त्यात आणखी भर. सहा तास विमानतळावर काय करायचं असं विचारणाऱ्याने चहा प्यावा आणि पाय लांब करून बसावं. तिकीट शोधताना साइट आपणहून सगळ्यात जवळचं पुढचं विमान दाखवते, ते घेऊ नका. खाली सरकून त्याच्या पुढचं घ्या. त्या दिवसाचं नागपूरचं शेवटचं विमान मात्र टाळा, ते हुकलं तर रात्र विमानतळावरच.

रांगेचा त्रास कमी करायचा एक खरा उपाय आहे आणि तो फुकट आहे. केंद्र सरकारच्या फास्ट ट्रॅक इमिग्रेशन योजनेत ऑनलाइन अर्ज करायचा, मंजूर झाल्यावर बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचे, मग ई-गेटमधून निघायचं. ही सोय जून 2024 मध्ये दिल्लीला सुरू झाली आणि जानेवारी 2025 मध्ये मुंबई, हैदराबाद आणि आणखी काही विमानतळांवर आली. अर्ज मंजूर व्हायला वेळ लागतो, तेव्हा तिकीट काढायच्या आधीच करून ठेवा.

कस्टमनंतरच्या जागेत बॅग एकदा उघडता येते, तिचा फायदा घ्या. ड्यूटी फ्रीमधून घेतलेली बाटली हातात असेल तर ती इथेच कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत टाका, पुढच्या सिक्युरिटीला वाद नको. दारूची मर्यादा माणशी दोन लिटर. वजनही इथेच बघायचं, काउंटरवर नाही. मागे मुंबईत माझ्यापुढच्या काकूंची बॅग काट्यावर चढली तर आकडा 19.4. वेगळं तिकीट, मर्यादा 15. मग तिथेच फरशीवर बॅग उघडली. आधी थाई बामच्या बाटल्या, मग सुक्या आंब्याची पाकिटं, मग नातवाचं भलंमोठं प्लॅस्टिकचं विमान. काका एकेक वस्तू खिशात कोंबत होते आणि मागची रांग बोंबलत होती. शेवटी कोणीतरी म्हणालं, ‘‘काकू, स्वेटर अंगात घाला न बाप्पा, तेवढंच वजन कमी.’’ त्यांनी मे महिन्यात स्वेटर घातला. वजन जास्त होणार हे माहीत असेल तर आदल्या दिवशी ऑनलाइन जादा किलो विकत घ्या, काउंटरवरचा भाव अंगावर येतो.

आता विमान हुकलं तर काय, तेही आधीच ठरवून ठेवा. मुंबईहून संध्याकाळनंतर विदर्भ एक्सप्रेस आणि दुरांतो नागपूरकडे निघतात, सकाळी घरी. ऐन वेळी आरक्षण मिळणं कठीण, पण भर सुट्टीच्या हंगामात जात असाल तर एक तिकीट काढून ठेवा आणि विमान मिळालं की रद्द करा. जाणारे पैसे थोडे, झोप पूर्ण.

हैदराबादची सोय याहून चांगली. सिकंदराबादहून नागपूरसाठी वंदे भारत दुपारी एकच्या सुमारास सुटते आणि रात्री आठ-साडेआठला नागपूर. मंगळवारी नसते. पहाटे शमशाबादला उतरणाऱ्याने मुळात विमानाचं पुढचं तिकीटच का काढावं, असा प्रश्न मला पडतो. बॅग एकदा उचलली की ती तुमचीच, वजन कोणी करत नाही, आणि सिकंदराबाद गाठायला हाताशी भरपूर वेळ. चार दिवसांच्या सहलीला मी आता हाच मार्ग धरतो: जाताना विमानाने हैदराबाद, येताना हैदराबादहून वंदे भारत. यात तिकिटं वेगळी होतात हे खरं, पण ती येण्याच्या बाजूने वेगळी होतात. परदेशी विमानाला उशीर झाला तर गाडी हुकेल, सहल नाही. जाण्याचं मात्र एकाच पीएनआरवर: नागपूर–हैदराबाद–बँकॉक आणि परत हैदराबादपर्यंत.

विमानात

सीट मधली मिळाली तरी चार-साडेचार तास निघून जातात, त्यासाठी जादा पैसे देऊ नका. उंच असाल तर मात्र इमर्जन्सी दरवाजाच्या रांगेचे द्या. जेवण स्वस्त कंपन्यांत विकत असतं. मोठ्या कंपनीत शाकाहारी हवं असेल तर किमान 24 तास आधी एव्हीएमएल म्हणून नोंदवा. जैन जेवण व्हीजेएमएल. ‘हिंदू मील’ नावाला भुलू नका, त्यात सहसा मांसाहार असतो.

तिकडे कार्ड घासताना मशीन रुपयांत द्यायचे की बाहतमध्ये असं विचारेल. तिथलंच चलन निवडा, रुपयांचा दर कायम महाग असतो.

नागपूरला विमानानेच उतरणार असाल तर मेट्रोचं एअरपोर्ट स्टेशन वर्धा रोडवर आहे, टर्मिनलच्या दारात नाही. मोठी बॅग असेल तर त्या नादी लागू नका. घरून कोणी घ्यायला येणार असेल तर त्यांना मुंबईहून विमान खरंच हललं की मगच फोन करा.