पिल्लाच्या पोटातले जंत: एका डोसवर थांबू नका

पोट ढोलकीसारखं टम्म, बरगड्या मात्र मोजून घ्याव्यात अशा. ऊसतोडीच्या हंगामात कोल्हापूरच्या आसपास गुऱ्हाळाशेजारी, फडाच्या कडेला कुत्र्याची अशी पिल्लं हमखास दिसतात. लोक कौतुकानं म्हणतात, "कसं गुटगुटीत झालंय!" ते गुटगुटीत नसतं, त्याला जंत झालेले असतात. कागल रस्त्यावरून आणलेल्या अशाच एका पिल्लाला मी जंताचं औषध दिलं. शीतून शेवयांसारखे जंत पडले आणि काम झालं असं मी धरून चालले. तीन आठवड्यांत त्याचं पोट पुन्हा तसंच फुगलं.

याचं कारण आईच्या शरीरात असतं. गोल जंतांच्या अळ्या कुत्रीच्या अंगात सुप्त पडून राहतात. ती गाभण राहिली की शेवटच्या दिवसांत त्या जाग्या होतात, नाळेतून पिल्लात उतरतात आणि पुढे दुधातूनही जातात. नेहमीचं औषध आतड्यातले जंत मारतं. यकृत-फुप्फुसांतून फिरणाऱ्या अळ्या त्यातून वाचतात आणि काही आठवड्यांत आतड्यात येऊन मोठ्या होतात. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून आठव्या आठवड्यापर्यंत दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांचं होईतो दर महिन्याला डोस द्यायचा असतो. आईलाही सोबतच द्या.

आधी पिल्लू नीट बघा. ओठ उचलून हिरड्या पाहा. त्या गुलाबी हव्यात. बोटानं दाबून सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत रंग परतायला हवा. हिरड्या पांढुरक्या आणि शी डांबरासारखी काळी असेल, तर अंकुशकृमी रक्त पीत असण्याची शक्यता मोठी. हे जंत अंडी घालू लागण्याआधीच पिल्लाचं रक्त संपवू शकतात, त्यामुळे सकाळपर्यंत वाट पाहू नका. गुदद्वाराशी तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर ते पट्टकृमी. ते पिसवांमुळे होतात, तेव्हा केस फिरवून पिसवाही शोधा. कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड बघा. गोचिडांसोबत ताप आणि फिकट हिरड्या असतील तर रक्ताची तपासणीही लागते.

उलट्या, रक्ताची हगवण आणि पिल्लू मलूल, असं एकत्र दिसलं तर जंताच्या औषधात वेळ घालवू नका. तो पार्व्हो, म्हणजे विषाणूमुळे होणारा जीवघेणा आजार, असू शकतो. थेट दवाखाना गाठा.

मग वजन करा. लहान पिल्लाला टोपलीत ठेवून किराणा दुकानातल्या काट्यावर तोला आणि टोपलीचं वजन वजा करा. औषध किलोमागे मोजतात. फेनबेंडाझोल साधारण किलोला 50 मिलिग्रॅम, सलग तीन दिवस देतात. म्हणजे दोन किलोच्या पिल्लाला रोज 100 मिलिग्रॅम. पायरँटेल गोल जंत आणि अंकुशकृमींवर चालतं, पट्टकृमींवर नाही. त्यांना प्राझिक्वांटेल लागतं. कुठलं, किती आणि कधी, हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. मोठ्या कुत्र्याची अर्धी गोळी अंदाजानं मोडून देऊ नका. गूळ-वावडिंगावर विसंबूनही राहू नका. अशक्त पिल्लाकडे तेवढे दिवस नसतात. गोचिडांवर रॉकेल किंवा फिनेल तर कधीच नको, ते चाटून पिल्लू मरू शकतं.

शीची तपासणी करून घ्या. सकाळची ताजी, बोराएवढी शी स्वच्छ डबीत घेऊन त्याच दिवशी पोहोचवा. लगेच जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, गोठवू मात्र नका. मिठाच्या दाट द्रावणात अंडी वर तरंगतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. रिपोर्टमध्ये "अंडी आढळली नाहीत" असं आलं म्हणून फार लहान पिल्लाला जंत नाहीत असं ठरत नाही. जंत अजून अंडी घालण्याइतके मोठे झालेले नसतात. म्हणून रिपोर्ट चांगला आला तरी वरचं वेळापत्रक सोडायचं नाही. तपासणीचा मोठा उपयोग वेगळा आहे. कॉक्सिडिया आणि जिआर्डिया हे आतड्यातले एकपेशीय परजीवी तिच्यात ओळखता येतात. कॉक्सिडियावर जंताचं औषध चालत नाही, आणि जिआर्डिया एका नमुन्यात निसटू शकतो. दोन-तीन दिवसांचे नमुने द्यावे लागतात.

आपल्याकडे अजून एक घोळ होतो. गंगावेशीतल्या दूधकट्ट्याच्या या गावात माणूस प्रेमानं पिल्लासमोर म्हशीचं दूध ठेवतो, त्यानं हगवण लागते आणि तिला जंतांची हगवण समजलं जातं. डॉक्टरांना काय खायला घालता तेही सांगा.

अंगण साफ ठेवा. गोल जंताची एक मादी रोज हजारोंनी अंडी घालते, आणि ती अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात. फिनेलनं ती मरत नाहीत. पण ताज्या शीतली अंडी लगेच लागण करत नाहीत, त्यांना काही आठवडे लागतात. रोज शी उचलली तर ही साखळी तुटते. पंचगंगेकाठच्या ओल्या मातीत पावसाळ्यात अंकुशकृमींच्या अळ्या चांगल्याच वाढतात आणि अनवाणी पोरांच्या कातडीतून आत शिरतात. मुलांना चपला घालायला लावा, पिल्लाशी खेळून झालं की हात साबणानं धुवायला लावा.

घरी मटण आणलं की बकऱ्याचं कच्चं काळीज-फुप्फुस पिल्लासमोर टाकू नका. जंताच्या अळ्यांचे पाण्यानं भरलेले फोड त्यात असतील तर कुत्र्याच्या पोटात वेगळाच पट्टकृमी वाढतो, आणि त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात तसेच फोड तयार होतात. हवंच असेल तर पूर्ण शिजवून द्या.

शेवटच्या डोसनंतर दोन आठवड्यांनी पुन्हा शी तपासा, आणि पुढचा डोस कधी ते दवाखान्याच्या कार्डावर तारखेसह लिहून घ्या.