शेवटची दोन मिनिटं बेंचवरून कशी खेळवायची

परभणीला बास्केटबॉलची आंतरमहाविद्यालयीन फायनल होती. आमच्या पोरी एका गुणानं मागं, चाळीसेक सेकंद उरलेले. दुसऱ्या हाफचे तिन्ही टाइमआउट मी शेवटासाठी जपून ठेवले होते. दोन घेतले, तिसरा मागायला गेलो तर टेबलावरचा पोरगा म्हणतो, "सर, संपले की तुमचे." चौथ्या, म्हणजे शेवटच्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत दोनच मिळतात, हे मी वाचलं होतं, ऐन वेळी आठवलं नाही. मॅच गेली.

तेव्हापासून तीन मिनिटं उरली की पहिला टाइमआउट मागून मोकळा होतो. मागितला की लगेच मिळत नाही. शिट्टी तरी वाजावी लागते, नाहीतर समोरच्यांनी बास्केट तरी करावं लागतं. म्हणून आधीच मागायचा. उरलेले दोन आपला बॉल असताना घ्या. शेवटच्या दोन मिनिटांत थ्रो-इन, म्हणजे रेषेबाहेरून बॉल आत टाकणं, मैदानाच्या आपल्या अर्ध्यातून असेल, तर टाइमआउटनंतर तो समोरच्यांच्या अर्ध्यातून घेता येतो. अख्खं मैदान पळायचं वाचतं.

आता फाऊल. बेंचवर एकीच्या हातात वही द्या आणि दोन्ही संघांचे फाऊल तिला मोठ्यानं सांगायला लावा. क्वार्टरमध्ये चार टीम फाऊल, म्हणजे सगळ्या संघाचे मिळून चार, होईपर्यंत साध्या फाऊलवर नुसता थ्रो-इन मिळतो. पाचव्यापासून दोन फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता टाकायचे शॉट. आपण मागं आहोत, बॉल त्यांच्याकडं आहे आणि चोवीस सेकंदांहून जास्त वेळ आहे, तर फाऊल करू नका, नीट अडवा. बॉल हातात आला की चोवीस सेकंदांत त्यांना शॉट घ्यावाच लागतो. चोवीसच्या आत आलं की मात्र त्या बॉल फिरवत बसतील. मग फाऊल करावाच लागतो. आपले टीम फाऊल दोनच झाले असतील, तर पहिले दोन फुकट जातात, घड्याळ थांबतं एवढंच. म्हणून घाई करा. आणि हात बॉलवरच जाऊ द्या. मागून बनियन ओढलं तर दोन फ्री थ्रो देऊन वर बॉलही त्यांचाच. आमच्या एकीनं ओढलं होतं. "अगं, काय करायलीस?" म्हणून मी ओरडलो, पण शिट्टी वाजून गेली होती.

फ्री थ्रोचा सराव ताज्या पायांनी करून उपयोग नाही. आमच्याकडं तो सगळ्यात शेवटी असतो: मैदानाच्या चार फेऱ्या पळून यायचं, धाप लागलेली असतानाच दोन टाकायचे, परत पळायचं. दोन्ही हुकले तर सगळ्या पळतात. पहिल्या आठवड्यात पोरी मनातल्या मनात शिव्या घालतात, घालू द्या.

राहिलं पोतं. आपल्याकडची बहुतेक मैदानं उघडी, सिमेंटची. दुपारच्या वाऱ्यानं बारीक धूळ बसते आणि थांबताना पाय सरकतो. बेंचपाशी ओलं बारदान अंथरून ठेवा, आत जाणारीनं त्यावर बुटांचे तळवे घासूनच जायचं. पाण्याची बाटली जवळ असू द्या; मार्चच्या उन्हात ते दहा मिनिटांत खडखडीत वाळतं.