जुन्या बाजारातली ड्रिल मशीन: प्लग सगळ्यात शेवटी

मी घेतलेली पहिली जुनी ड्रिल मशीन मीच मारली. साडेतीनशे रुपयांना मिळालेली, १० एमएम चकची (चक म्हणजे बिट पकडणारा पुढचा जबडा), वरून छान पुसलेली. घरी आलो, चपला काढायच्या आधी प्लग लावला आणि बटण दाबलं. चक हललाच नाही, आतून नुसती घुमल्यासारखी घरघर आली. ‘अडकलं असेल, सुटेल’ म्हणून बटण दाबूनच धरलं. आधी वास आला, मग धूर. उघडल्यावर कळलं, मागचं बेअरिंग गंजून जाम झालं होतं, बस. शंभर रुपयांच्या आतबाहेरचं काम होतं. त्यापायी आर्मेचर, म्हणजे मोटरचा तारा गुंडाळलेला फिरणारा भाग, जळालं.

फिरणारी मोटर स्वतःच उलटा व्होल्टेज तयार करून करंट आवरते. अडकलेल्या मोटरला तो आवर नसतो. तारांमधून कितीतरी पट करंट धावतो आणि त्यांच्यावरचं वार्निश बघता बघता जळतं. म्हणून जुन्या मशीनचा प्लग सगळी कामं उरकल्यावर लावायचा.

बाजारात उभ्या उभ्या

पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. तिथे पथारीवर प्लग लावून बघायची सोय नसते, आणि खरं तर ते बरंच आहे. खिशात साधा मल्टिमीटर ठेवा.

आधी वास घ्या. हवा आत जाण्याच्या फटींना नाक लावा. जळक्या वार्निशचा वास महिनोन्‌महिने जात नाही, आणि तो आला की पुढचं काही बघायची गरज नाही. मग चक हाताने फिरवा. गिअरमुळे जड जाईल, पण सलग फिरला पाहिजे. खरखर असेल तर बेअरिंग गेलंय, ते बदलता येतं. एका जागी दर फेरीला अडकत असेल तर गिअरचा दात तुटलाय, ती मशीन परत ठेवून द्या. चक धरून आडवा हलवा. चांगलाच डुगडुगत असेल तर भोक कधी सरळ पडणार नाही.

आता मीटर. या मशीनमध्ये फील्ड (न फिरणाऱ्या गुंडाळ्या), कार्बन (फिरत्या भागाला करंट पोचवणारे घासते तुकडे) आणि आर्मेचर एकामागोमाग जोडलेले असतात, म्हणून प्लगच्या दोन पिनांवर मीटर लावून बटण दाबलं की सगळ्यांची गोळाबेरीज दिसते. पाचशे वॉटच्या आसपासच्या मशीनला साधारण १० ते २० ओहम येतात, आणि चक फिरवला की आकडा थोडा हलतो. अगदी शून्याजवळ आला तर शॉर्ट आहे. काहीच आलं नाही तर मात्र लगेच नाकारू नका. वेग कमी-जास्त करणाऱ्या बटणात ट्रायॅक नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच असतो आणि मीटरच्या दीड-दोन व्होल्टवर तो चालू होत नाही, त्यामुळे धडधाकट मशीनही तुटल्यासारखं दिसू शकतं. खरोखर काही तुटलं असेल तर बहुतेक वेळा संपलेला कार्बन किंवा मुठीच्या तोंडाशी आतून तुटलेली वायर निघते. घासाघीस करताना ‘बंद आहे हो’ म्हणायला हा आकडा कामी येतो, तो भाग वेगळा.

मशीन कुठून आलं, तेही विचारा. उत्तर देताना विक्रेता इकडेतिकडे बघायला लागला तर आपण पुढे चालू लागायचं.

उघडताना

प्लग भिंतीवरच्या सॉकेटमधून काढलेला आहे याची खात्री करा. बॉडीचे दोन अर्धे भाग स्क्रूंनी जोडलेले असतात. काहींना फुलीचा, काहींना सहा पाकळ्यांचा टॉर्क्स स्क्रू असतो. पुठ्ठ्यावर मशीनचं चित्र काढून जो स्क्रू जिथला, तिथे खोचून ठेवा, कारण लांबी सारखी नसते. कार्बनच्या टोप्या बाहेरून दिसत असतील तर झाकण उघडण्याआधी कार्बन काढा. नाहीतर स्प्रिंग उडून कपाटाखाली जाते. मग फोटो काढा, निदान चार, त्यातले दोन बटणाच्या वायरांचे. आपल्या लक्षात राहील असं वाटतं. राहत नाही.

चक काढायचा असेल तर एक गोष्ट सांगतो, ती माहीत नसल्यामुळे अनेक जण मशीन फोडतात. उलट-सुलट फिरणाऱ्या ड्रिलमध्ये चकचे जबडे पूर्ण उघडले की तळाशी एक स्क्रू दिसतो. त्याला उलटे आटे असतात: घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. तो काढल्यावर चकमध्ये मोठी अॅलन की पकडा आणि तिच्या टोकाला घड्याळाच्या उलट दिशेने हातोडीचा एकच झटकेदार फटका द्या. हळूहळू ठोकत बसलात तर मार गिअरला बसतो.

आर्मेचरची परीक्षा

मशीन ठेवायचं की नाही, हे इथेच ठरतं, म्हणून घाई नको. कॉम्युटेटर म्हणजे आर्मेचरच्या टोकाचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल. मीटर ओहमवर ठेवून शेजारशेजारच्या दोन पट्ट्या मोजत पूर्ण फेरी मारा. आकडा किती येतो याला महत्त्व नाही, सगळीकडे सारखा यायला हवा. मध्येच एका जोडीला दुप्पट-तिप्पट आला किंवा काहीच आला नाही, तर वायंडिंग तुटलंय. मग मीटर मोठ्या रेंजवर घेऊन प्रत्येक पट्टी आणि मधला लोखंडी शाफ्ट यांच्यात मोजा. इथे काहीही दिसता कामा नये. दिसलं तर करंट बॉडीकडे जायची वाट तयार आहे. आतल्या आत शॉर्ट झालेले काही वेढे साध्या मीटरला सापडत नाहीत. वायंडिंगवाल्याकडे ग्राउलर, म्हणजे आर्मेचर तपासायचं चुंबकी यंत्र, असतो. त्यावर आर्मेचर ठेवून वर धरलेली पातळ लोखंडी पट्टी थरथरली की वायंडिंगवाला नकाराची मान हलवतो. फील्डच्या दोन्ही गुंडाळ्याही सारख्या यायला हव्यात.

आर्मेचर गेलं असेल तर थांबा. रिवाइंडिंग होतं, पण छोट्या ड्रिलला त्याची मजुरी परवडत नाही. जुन्या, अल्युमिनियम बॉडीच्या दणकट मशीनसाठी मात्र मी ती दिली आहे, आणि पुन्हा देईन.

साफसफाई आणि सुटे भाग

गिअर आणि गिअरचं घर रॉकेलमध्ये जुन्या टूथब्रशने धुवा. आर्मेचर आणि फील्ड कधीच बुडवू नका. कोरडा ब्रश आणि हवा पुरे. कॉम्युटेटर काळा पडला असेल तर ४०० ते ६०० नंबरच्या घासपेपरची पट्टी त्यावर धरून आर्मेचर फिरवा. एमरी कापड नको, त्याचे कण तांब्यात रुततात आणि नवे कार्बन खातात. पट्ट्यांमधल्या खाचांतली कार्बनची पूड टूथपिकने काढा. हे कंटाळवाणं काम बहुतेक जण टाळतात, आणि मग नवे कार्बन घालूनही ठिणग्या का येतात, असं विचारतात.

कार्बन पाच-सहा मिलिमीटरच्या खाली आले असतील तर दोन्ही बदला. जुना तुकडा दुकानात दाखवायला घेऊन जा. पुण्यात बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट. नेमका मिळाला नाही तर किंचित मोठा घेऊन घासपेपरवर सपाट घासा. होल्डरमध्ये तो स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे.

बेअरिंगचा नंबर त्याच्यावरच कोरलेला असतो. ६०८ म्हणजे आतून ८, बाहेरून २२, रुंदी ७ मिलिमीटर. रबरी सीलचंच घ्या, कारण ड्रिलच्या पोटात विटेची धूळ जाते. जुनं पुलरने, म्हणजे बेअरिंग ओढून काढायच्या हत्याराने, ओढा. नवं बसवताना शाफ्टवर सरकेल असा पाइपचा तुकडा आतल्या कड्यावर टेकवून ठोका. बाहेरच्या कड्यावर मारलं तर नवंकोरं बेअरिंग तिथल्या तिथे खराब होतं.

गिअरला लिथियम ग्रीस, तेही घराच्या निम्म्याहून कमी. भरभरून घातलं की गरम झाल्यावर ते मोटरमध्ये उतरतं.

वायर बदलायचीच, असं मी धरून चालतो. नेमप्लेटवर चौकोनात चौकोन असेल तर मशीन डबल इन्सुलेटेड आहे, दोन तारांची वायर चालते. ती खूण नसलेल्या धातूच्या बॉडीला तीन तारांची वायर आणि बॉडीला घट्ट जोडलेलं आर्थिंग हवंच. मुठीच्या तोंडाची रबरी नळी आणि आतली वायर आवळणारी पट्टी गाळू नका, नाहीतर सहा महिन्यांत वायर पुन्हा तिथेच तुटेल.

आता प्लग, पण बल्बमार्गे

बॉडी बंद करा, चक हाताने फिरवून बघा, मग सिरीज बोर्डवर लावा: मशीनच्या वाटेत १०० किंवा २०० वॉटचा जुन्या धाटणीचा, तारेचा बल्ब. एलईडी चालणार नाही. बटण दाबल्यावर बल्ब पेटेल, मोटर सावकाश फिरू लागेल आणि बल्ब थोडा मंदावेल, म्हणजे ठीक. बल्ब पूर्ण तेजात आणि मोटर ढिम्म, तर काहीतरी जाम किंवा शॉर्ट आहे, पुन्हा उघडा. जळेल ती बल्बाची वीज, मशीन नाही. १०० वॉटच्या बल्बवर जड मोटर कधी कधी नुसतीच हुंकारते, तेव्हा २०० चा लावून बघा.

मग थेट प्लग, शक्यतो ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असलेल्या लाइनवर. पहिली दहा मिनिटं भोकं पाडायची नाहीत, रिकामीच चालवा. नवे कार्बन कॉम्युटेटरच्या गोलाईला घासून बसेपर्यंत थोड्या ठिणग्या येतात, मग बारीक निळसर उरतात. कॉम्युटेटरभोवती आगीचं कडं फिरताना दिसलं तर लगेच बंद करा. म्हणजे आर्मेचरचं दुखणं मीटरला सापडलं नव्हतं.

माझ्या त्या मेलेल्या ड्रिलचा चक, बटण आणि पुढचं बेअरिंग पुढच्या वर्षी तसल्याच दुसऱ्या मशीनला बसलं. ती अडीचशेला मिळाली, आणि प्लग लावला तिसऱ्या दिवशी.