कॉर्ग मिनिलॉगवर स्वतःचे आवाज कसे घडवावेत

सिंथेसायझर घरी आल्यावर बहुतेक जण त्यातले तयार आवाजच वाजवत राहतात. कधीतरी धीर करून नॉब फिरवायला घेतले, तर आवाज कशामुळे बदलला हेच उमगत नाही आणि शेवटी मूळ प्रोग्रॅमवर, म्हणजे वाद्यात साठवलेल्या आवाजावर, परतावे लागते. नॉब कोणत्या क्रमाने हाताळायचे हे एकदा पक्के झाले की हा गोंधळ पुष्कळ कमी होतो. या लेखात तो क्रम जपानच्या कॉर्ग कंपनीच्या मिनिलॉग या छोट्या वाद्यावर दाखवला आहे. २०१६ मध्ये आलेल्या या अॅनालॉग सिंथला ३७ लहान पट्ट्या आहेत, एका वेळी चार स्वर वाजतात आणि आवाजाच्या जवळजवळ प्रत्येक घटकासाठी समोरच स्वतंत्र नॉब किंवा स्विच आहे. एकाच नॉबवर दहा कामे लादून बाकीचे मेनूत दडवणाऱ्या वाद्यांपेक्षा शिकण्यासाठी हे वाद्य कितीतरी सोयीचे आहे, असे माझे मत आहे. ज्यांच्याकडे दुसरा अॅनालॉग सिंथ असेल त्यांनाही ऑसिलेटर (मूळ सूर काढणारा), मिक्सर (सूर एकत्र करणारा), फिल्टर (सुराची धार कमी करणारा), एन्व्हलप (आवाजाचा चढ-उतार ठरवणारा), एलएफओ (आवाज संथपणे हलवत ठेवणारा) हाच क्रम उपयोगी पडेल. फक्त नॉबांच्या जागा वेगळ्या असतील.

उदाहरणासाठी पेटीच्या जातकुळीचा आवाज घेऊ. हुबेहूब हार्मोनियम हवी असेल तर हार्मोनियमच घ्यावी. सिंथकडून ती अपेक्षा करू नये. परंतु भजनापासून नाट्यसंगीतापर्यंत पेटी आपल्या कानात इतकी मुरलेली आहे की एखादा नॉब चुकीच्या दिशेने गेला तर ते लगेच कळते, आणि नवशिक्याला असाच नमुना हवा असतो.

कोऱ्या प्रोग्रॅमपासून सुरुवात

मिनिलॉगमध्ये २०० प्रोग्रॅमची जागा आहे. पहिल्या १०० जागांवर कंपनीचे तयार आवाज असतात आणि उरलेल्या १०० वापरणाऱ्यासाठी कोऱ्या ठेवलेल्या असतात. १०१ क्रमांकाचा प्रोग्रॅम निवडावा. त्यानंतर पाटी खरोखर कोरी आहे ना, याची खात्री हाताने करून घ्यावी. मिक्सरमध्ये पहिला ऑसिलेटर पूर्ण वर ठेवून दुसरा ऑसिलेटर आणि नॉइज शून्यावर आणावेत. फिल्टर कुठून कापणार हे ठरवणारा कटऑफ पूर्ण उजवीकडे, त्या जागेजवळचे सूर ठळक करणारा रेझोनन्स शून्यावर आणि एन्व्हलपचा फिल्टरवरील परिणाम ठरवणारा ईजी इंट नॉब बरोबर मध्यावर ठेवावा. एलएफओचा इंट नॉब शून्यावर आणून प्रतिध्वनी देणारा डिले बंद करावा. अँप ईजी, म्हणजे आवाजाच्या पातळीचे एन्व्हलप, यात सस्टेन पूर्ण वर व अटॅक आणि रिलीज शून्यावर ठेवावेत. आता पट्टी दाबल्याबरोबर करकरीत, उघडा आवाज सुरू होईल आणि सोडल्याबरोबर तुटेल. तो कानाला मुळीच बरा वाटणार नाही, पण पुढचे सगळे काम याच कच्च्या मालावर करायचे आहे.

येथे एक गोष्ट आधीच जाणून घ्यावी. प्रोग्रॅम बदलला तरी नॉब जागचे हलत नाहीत, त्यामुळे नॉबची दिसणारी जागा आणि प्रोग्रॅममध्ये साठवलेली किंमत यांत तफावत पडते. ग्लोबल मेनूत नॉब मोड नावाची सोय आहे. त्यात जंप निवडल्यास नॉबला हात लागताच किंमत नॉबच्या जागेवर उडी मारते, तर कॅच निवडल्यास नॉब साठवलेल्या किमतीपाशी पोहोचेपर्यंत काहीच बदलत नाही. आवाज घडवताना जंप आणि कार्यक्रमात वाजवताना कॅच ठेवावा. तिसरा पर्याय स्केलचा आहे. त्यात किंमत नॉबच्या हालचालीच्या प्रमाणात सरकते.

दोन ऑसिलेटर, दोन सूरपट्ट्या

मिनिलॉगच्या प्रत्येक स्वराला दोन ऑसिलेटर मिळतात आणि दोघांनाही चौकोनी, त्रिकोणी आणि करवती अशा तीन लहरी आहेत. करवती लहरीत मूळ स्वराचे सगळे उपस्वर, म्हणजे त्याच्या पटीतले वरचे सूर, असतात. चौकोनी लहरीत फक्त विषम क्रमांकाचे असतात, म्हणून ती पोकळ वाटते. त्रिकोणी लहरीतही विषमच असतात, पण ते इतक्या झपाट्याने क्षीण होतात की आवाज बासरीकडे झुकतो. शेप नॉब फिरवून चौकोनी लहर अरुंद केली की तिच्यात सम क्रमांकाचे उपस्वरही येतात आणि आवाजाला नाकातला, किंचित चिरका रंग चढतो. पेटीच्या धातूच्या सुरांना हा रंग जवळचा आहे.

नेहमीच्या पेटीत खर्ज आणि नर अशा एका सप्तकाच्या अंतरावरच्या दोन सूरपट्ट्या एकत्र वाजतात. तीच रचना येथे करावी. पहिल्या ऑसिलेटरसाठी चौकोनी लहर निवडून ऑक्टेव्ह १६ फुटांवर, म्हणजे ८ फुटांपेक्षा एक सप्तक खाली, ठेवावा आणि शेप साधारण मध्यापर्यंत न्यावा. दुसऱ्या ऑसिलेटरला करवती लहर देऊन ऑक्टेव्ह ८ फुटांवर ठेवावा. मिक्सरमध्ये दुसरा पूर्ण वर घेऊन पहिला त्याच्याखाली, सुमारे दोन तृतीयांशावर ठेवावा. खर्ज याहून वर गेला की सगळा आवाज जड आणि संथ होतो.

आता दुसऱ्या ऑसिलेटरचा पिच नॉब अगदी थोडा सरकवून पडद्यावर ४ सेंटच्या (सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) आसपास आणावा. दोन सूर तंतोतंत जुळलेले असतील तर आवाज निर्जीव वाटतो. थोडे सरकलेले असतील तर त्यांच्यात लहरणे सुरू होते, म्हणजे आवाज ठरावीक वेगाने कमी-जास्त होतो. मध्य सप्तकातल्या पांढरी सहावर, म्हणजे ४४० हर्ट्झला, ४ सेंटच्या फरकाने सेकंदाला सुमारे एक लहर येते. सेंट तेवढेच ठेवून एक सप्तक वर गेले की लहरींचा वेग दुप्पट होतो आणि खाली आले की निम्मा. म्हणून सेंटचा फरक ठरवताना एकाच पट्टीवर विसंबू नये. ज्या स्वरांवर हा आवाज प्रत्यक्ष वाजणार आहे त्या सगळ्या टप्प्यात तो ऐकावा आणि वरच्या सप्तकात थरथर खटकू लागली तर फरक २ सेंटवर आणावा.

षड्ज आणि गंधार एकत्र दाबल्यावर मात्र वेगळीच लहर ऐकू येईल. ती या फरकातून आलेली नसते. समान अंतराच्या सुरावटीत, म्हणजे सप्तकाचे बारा समान भाग करणाऱ्या स्वरांच्या मांडणीत, गंधार नैसर्गिक शुद्ध गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो आणि मिनिलॉगची नेहमीची सुरावट तशीच आहे. १९४० पासून तीन दशके आकाशवाणीवर पेटीला मज्जाव होता, त्यामागच्या आक्षेपांत या सुरावटीचाही समावेश होता. सांगण्याचा मुद्दा असा की ही लहर पिच नॉबने घालवण्याचा प्रयत्न करू नये, कारण त्याने बाकीचे स्वरही बिघडतात. गायकाच्या स्केलसाठीही पिच नॉबला हात लावू नये. त्यासाठी ग्लोबल मेनूत ट्रान्सपोज आहे. काळी चारचे गाणे सवयीच्या काळी एकच्या बोटांनी वाजवायचे असेल, तर तेथे एकदा बदल करणे पुरते.

शेवटी नॉइज नॉब जेमतेम हलवावा. तो वेगळा ऐकू आला तर जास्त झाला असे समजावे. बंद केल्यावर काहीतरी हरवल्यासारखे वाटले, तर प्रमाण बरोबर आहे.

फिल्टर

ऑसिलेटरचा आवाज फिल्टरमधून जातो आणि कटऑफच्या वरचे उपस्वर तेथे कमी होतात. मिनिलॉगच्या फिल्टरला २ पोल आणि ४ पोल असा स्विच आहे. पहिल्यात कटऑफच्या वर प्रत्येक सप्तकामागे १२ डेसिबल घट होते आणि दुसऱ्यात २४. पेटीसाठी २ पोल निवडावा, कारण ४ पोलने सूर गुदमरतात. कटऑफ पूर्ण उजवीकडून हळूहळू डावीकडे आणत जावे आणि किरकिर संपून सूर गोल होऊ लागला की थांबावे. येथे पडद्याकडे न पाहता कानावर भरवसा ठेवावा, जरी त्या पडद्यावर लहरीचा आकार जिवंत दिसत असल्याने नजर तेथे खिळून राहते. रेझोनन्स शून्याच्या जवळच असावा.

खालच्या स्वरांवर बसवलेला कटऑफ वरच्या स्वरांना फार दबका पडतो. म्हणून कीट्रॅक स्विच ५० टक्क्यांवर ठेवावा. मग पट्टी जितकी वरची, तितका फिल्टर अधिक उघडतो. पट्टी दाबण्याच्या जोराचा परिणाम ठरवणारा फिल्टरचा व्हेलॉसिटी स्विच मात्र शून्यावरच असू द्यावा आणि प्रोग्रॅम एडिट या मेनूमध्ये जाऊन अँप व्हेलॉसिटीही शून्य करावी. पेटीची पट्टी जोरात दाबली म्हणून सूर मोठा होत नाही; तो भात्याने होतो.

एन्व्हलप

आवाज कोणत्या वाद्याचा आहे हे कान बऱ्याच अंशी त्याच्या सुरुवातीवरून ओळखतो. लहर आणि फिल्टर तसेच ठेवून केवळ एन्व्हलप बदलले, तरी पेटीची तंतुवाद्यासारखी छेड होते किंवा व्हायोलिनसारखा उमलणारा सूर होतो. नवशिके ऑसिलेटरवर तास घालवतात आणि एन्व्हलप उरकून टाकतात. वेळेची वाटणी याच्या उलट असावी.

अँप ईजीचे चार नॉब असे समजून घ्यावेत. अटॅक म्हणजे पट्टी दाबल्यापासून आवाज पूर्ण उंचीला पोहोचेपर्यंतचा वेळ, डीके म्हणजे तेथून सस्टेनच्या पातळीपर्यंत उतरण्याचा वेळ, सस्टेन म्हणजे पट्टी दाबून ठेवलेली असताना टिकणारी पातळी आणि रिलीज म्हणजे पट्टी सोडल्यावर विरण्याचा वेळ. तीन वेळा आहेत आणि एक पातळी, हे विसरल्यामुळेच बरेच घोटाळे होतात. सस्टेन पूर्ण वर असताना डीके कितीही फिरवला तरी काहीच घडत नाही, कारण उतरायला जागाच नसते. नॉब बिघडला असे समजून दुकानात जाण्यापूर्वी हे तपासावे.

धातूचा सूर हवेने हलायला क्षणभर लागतो आणि खर्जाच्या मोठ्या सुराला तो क्षण जास्त लागतो. म्हणून अटॅक शून्यावरून किंचित वर न्यावा. तो जास्त झाला तर द्रुत तानेत स्वर फुटण्यापूर्वीच बोट पुढे गेलेले असते, तेव्हा ही किंमत जलद सरगम वाजवून ठरवावी. सस्टेन पूर्ण ठेवावा आणि रिलीज अगदी थोडा द्यावा, म्हणजे स्वर तुटल्यासारखा वाटणार नाही. रिलीज लांबवला तर सुटलेले स्वर चारांपैकी जागा अडवून बसतात आणि पाचवा स्वर आला की आधीचा एखादा मध्येच गळतो. षड्ज-पंचम धरून ठेवून वर सुरावट वाजवणाऱ्यांना तर मुळात दोनच स्वर शिल्लक असतात.

भात्याची हालचाल

या टप्प्यावर आवाज ओळखीचा झालेला असतो, पण फार स्थिर असतो. एलएफओसाठी त्रिकोणी लहर निवडून टार्गेट कटऑफ ठेवावे, रेट बराच संथ करावा आणि इंट अगदी कमी ठेवावा. टार्गेट पिच ठेवल्यास कंप येतो आणि तो पेटीला शोभत नाही. प्रोग्रॅम एडिटमध्ये एलएफओचा व्हॉइस सिंक चालू करावा आणि की सिंक बंद ठेवावा. पेटीला भाता एकच असतो, त्यामुळे सगळे स्वर एकदमच उजळले पाहिजेत आणि नवी पट्टी दाबल्याने भाता पुन्हा पहिल्यापासून सुरू होता कामा नये.

याशिवाय डाव्या हाताला असलेला स्लायडर प्रोग्रॅम एडिटमधून कटऑफला जोडता येतो. मोकळा सोडला की तो मध्यावर परततो, म्हणून भात्याच्या क्षणिक जोरासाठी तो चांगला उपयोगी पडतो. स्वतःपुरते म्हणाल तर मी एलएफओ बंद करून स्लायडरच वापरतो, कारण हाताने दिलेला जोर गाण्याच्या शब्दांबरोबर जातो.

त्याच मालातून दुसरा आवाज

आता हाच प्रोग्रॅम मोडून बास बनवावा, म्हणजे फिल्टर आणि दुसरे एन्व्हलप नीट कळेल. व्हॉइस मोड मोनो करावा. या मोडमध्ये व्हॉइस मोड डेप्थ नॉब वाढवला की खाली सब-ऑसिलेटर, म्हणजे खालच्या सप्तकातला सूर, मिसळतो. फिल्टर ४ पोल करून कटऑफ बराच खाली आणावा, रेझोनन्स अर्ध्याच्या पुढे न्यावा आणि ईजी इंट मध्यावरून उजवीकडे वळवावा. ईजी या दुसऱ्या, फिल्टरसाठीच्या एन्व्हलपमध्ये (अँप ईजीमध्ये नव्हे) अटॅक आणि सस्टेन शून्य ठेवून डीके कमी-जास्त करून पाहावा. प्रत्येक स्वरावर फिल्टर उघडून मिटेल आणि डीके जसा लांबेल तसा तो 'टक्'पासून 'ट्वाँऽव' असा ओघळत जाईल. प्रोग्रॅम एडिटमध्ये पोर्टामेंटो, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, थोडा देऊन त्याचा मोड ऑटो ठेवला, तर जोडून वाजवलेल्या स्वरांतच घसरण येते, सुट्या स्वरांत येत नाही. मिंडीसाठी हेच हवे असते. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रागांवर आधारित संगीतात रोलँडचे टीबी-३०३ हे बासचे यंत्र वापरले, त्याचा आवाज याच प्रकारचा घसरता, रेझोनन्सने भरलेला आहे. त्या यंत्राला पट्ट्यांवर तोलून मींड घेण्याची सोय नव्हती. घसरण प्रत्येक स्वराला आधीच नेमून द्यावी लागे.

डिले सर्वांत शेवटी घ्यावा. तो आधीच चालू केला तर कोणताही आवाज भारदस्त वाटू लागतो आणि फिल्टरमधल्या चुका झाकल्या जातात. घेतल्यावर हाय पास कटऑफ वाढवावा, म्हणजे परतणाऱ्या आवाजातला खर्ज कापला जाऊन गिचमीड होत नाही.

जतन

राइट बटण दाबावे, नॉबने रिकामा क्रमांक निवडावा आणि पुन्हा राइट दाबावे. तोपर्यंत केलेले सगळे काम प्रोग्रॅम बदलताच पुसले जाते, म्हणून प्रत्येक टप्प्यावर वेगळ्या क्रमांकावर प्रत ठेवावी: एक फिल्टर लावण्यापूर्वीची, एक एन्व्हलपनंतरची, एक पूर्ण झालेली. नाव प्रोग्रॅम एडिटमध्ये देता येते. कॉर्गच्या साउंड लायब्ररियन या सॉफ्टवेअरने यूएसबीवरून संगणकावरही प्रत घेता येते. कार्यक्रमात वापरायचे आवाज लागोपाठच्या क्रमांकांवर ठेवून प्रोग्रॅम लेव्हलने त्यांची पातळी एकसारखी करावी. हे काम हेडफोन न लावता, ज्या स्पीकरवर वाजवायचे त्याच स्पीकरवर करावे, कारण हेडफोनवर सौम्य वाटणारा रेझोनन्सचा बास मोठ्या स्पीकरवर पेटीच्या दुप्पट जोरात येतो.