वियर्ड अलला प्रत्यक्ष ऐकायला जाताय? मग एवढं करून जा

गाजलेल्या इंग्रजी गाण्यांची विडंबनं गाणाऱ्या वियर्ड अल यँकोविकचं नाव काढलं की आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मराठी मंडळींत दोन तट पडतात. अर्ध्यांना 'ईट इट'वाला कुरळ्या केसांचा, अकॉर्डियनवाला माणूस लगेच आठवतो. उरलेल्यांना वाटतं, मी कुठल्यातरी यूट्यूबरबद्दल बोलतेय. हे लिहितेय ते पहिल्यांसाठी. केबलवर एमटीव्ही बघत मोठे झालात, अमेरिकेत येऊन स्थिरावलात आणि त्याचा कार्यक्रम जाहीर झाला की दर वेळी "जाऊ कधीतरी" म्हणता. अलचा जन्म १९५९चा आहे. "कधीतरी"वर फार विसंबू नका.

आधी दौरा कोणता आहे ते बघा, कारण त्याचे सगळे दौरे एकसारखे नसतात. २०१८ आणि २०२२मध्ये तो छोट्या थिएटरांत फिरला, पण तेव्हा भर त्याच्या स्वतःच्या चालींच्या गाण्यांवर होता. वेशभूषा नाही, व्हिडिओचा पडदा नाही, मंडळी स्टुलांवर बसून वाजवणार. कट्टर चाहत्यांना ती मेजवानी, पण विडंबनं ऐकायला गेलेला माणूस तिथून हिरमुसून परतला असता. २०१९मध्ये सोबत अख्खा सिंफनी ऑर्केस्ट्रा होता. २०२५चा 'बिगर अँड वियर्डर' मात्र पुरा थाटमाट: पडदा, कपडेपट, नेहमीच्या चौघांच्या जोडीला आणखी वादक. पहिलीच खेप असेल तर असाच दौरा गाठा. आम्ही त्याच दौऱ्यात १२ जुलैला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला गेलो होतो.

तिकीट काढताना त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या तारखांच्या यादीतूनच पुढे जा. गुगलवर सगळ्यात वर येणारे दुवे बरेचदा पुनर्विक्रीवाल्यांचे असतात, आणि ते इतके अस्सल दिसतात की भलेभले फसतात. मे २०२५पासून अमेरिकेत सगळ्या फीसकट पूर्ण किंमत सुरुवातीलाच दाखवणं सक्तीचं झालंय, त्यामुळे तुलना तरी सोपी झाली.

आता खुर्चीबद्दल, कारण इथेच लोक चुकतात. जवळची खुर्ची म्हणजे चांगली खुर्ची, हे इथे लागू नाही. पडदा समोरून दिसला पाहिजे. अलची पोल्का मेडली असते ना, त्यात तो अडेल, बिली आयलिश, टेलर स्विफ्ट अशा सगळ्यांची गाणी एका दमात पोल्काच्या, म्हणजे एका उडत्या युरोपीय लोकनृत्याच्या, ठेक्यावर पळवतो. त्या वेळी पडद्यावर मूळ व्हिडिओ अशा बेताने कापून लावलेले असतात की अलच्या तोंडचे शब्द त्या गायकांच्या ओठांवर बसतात. निम्मं हसू तिथे आहे. रंगमंचाच्या अगदी बाजूची खुर्ची घेतलीत तर लोक का हसतायत तेच कळणार नाही. दोन गाण्यांच्या मधे तो कपडे बदलायला आत जातो तेव्हाही पडद्यावर जुने तुकडे चालू असतात. त्यातल्या काही थापेबाज मुलाखती गाण्यांइतक्याच भारी असतात, तेव्हा ती वेळ बाथरूमची समजू नका. ते काम मुख्य कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच उरका. पण आमच्या वेळी आधी पडल्स पिटी पार्टी होता. पांढऱ्याफटक वेशातला, ताडमाड उंच, रडवेला विदूषक, आणि आवाज असा की आख्खं सभागृह चिडीचूप. त्याला चुकवून पॉपकॉर्नच्या रांगेत उभं राहण्यात अर्थ नाही.

थोडा गृहपाठ हवाच. माझ्या लेकीला 'अमिश पॅरडाइज' तोंडपाठ, पण कूलियोचं मूळ गाणं तिने ऐकलेलंच नव्हतं. नवऱ्याचं नेमकं उलट. मूळ कविता कानात असल्याशिवाय अत्र्यांचं विडंबन जसं पुरतं भिडत नाही, तसंच हे. म्हणून गाडीत जाताना जोड्या लावून ऐका, आधी मूळ, मग अल. शिवाय काही गाणी कुठल्याच एका गाण्याचं विडंबन नसतात, त्यांत अख्ख्या बँडची ढब उचललेली असते. 'डेअर टू बी स्टुपिड' ऐकण्याआधी थोडा डिव्हो हा बँड ऐकून ठेवा, मग त्याचा कान किती तयार आहे ते कळेल.

कपड्यांचं म्हणाल तर फुलाफुलांचा हवाईयन शर्ट. डोक्यावर ॲल्युमिनियम फॉइलची टोपी घालून आलेले लोकही दिसतील, घाबरू नका. मुलांना खुशाल न्या, शिवीगाळ नसते.

एकदा तरी अलवरची नजर काढून ड्रमकडे बघा. तिथे जॉन 'बर्म्यूडा' श्वार्ट्झ बसलेला असतो. १९८०मध्ये डॉक्टर डिमेंटोच्या रेडिओ कार्यक्रमात अल गात असताना त्याच्या अकॉर्डियनच्या पेटीवर ठेका धरणारा हाच. गिटारवरचा जिम वेस्ट आणि बासवरचा स्टीव्ह जे हेही ऐंशीच्या दशकापासूनचे. गंमत करायला बसलेली माणसं इतकं काटेकोर वाजवतात की ग्रंज, रॅप, पोल्का एकामागोमाग आलं तरी कुठे सांधा दिसत नाही. मला तरी त्या रात्री विनोदापेक्षा याचंच अप्रूप जास्त वाटलं.

आणि शेवटी घाई नको. टाळ्या पडल्या, दिवे मंदावले की काही शहाणे पार्किंगकडे पळतात. स्टार वॉर्सवरची दोन गाणी त्यानंतर, एन्कोरमध्ये (टाळ्यांच्या आग्रहाखातर होणाऱ्या जादा गाण्यांत) यायची वर्षानुवर्षांची रीत आहे. त्यातल्या 'योडा'च्या मधेच सगळे वादक माईकपाशी येऊन हातवारे करत निरर्थक अक्षरांची लांबलचक आवर्तनं सुरू करतात. कुठल्याही रेकॉर्डिंगपेक्षा हे समोर पाहण्यातच मजा. "आई, हे काय चाललंय?" असं लेकीने माझ्या कानात ओरडून विचारलं, आणि मला हसण्यामुळे उत्तर देता येईना.

गार्डनला जाणार असाल तर गाडी घरीच ठेवा. पेन स्टेशन बरोब्बर खालीच आहे. फक्त रात्री उशिरा आपल्या न्यू जर्सीच्या बाजूच्या गाड्या विरळ होतात, तेव्हा परतीच्या वेळा आधी बघून ठेवा. टी-शर्ट घ्यायचाय तर आत शिरल्या शिरल्या घ्या, कार्यक्रमानंतर रांगेत उभं राहिलात तर ती गाडी गेलीच समजा.